ठिपका मंद करून द्या

युसूफ वडगावच्या स्टँडसमोर, खताच्या दुकानाला टेकून, एक आठ बाय दहाची खोली आहे. पाटीवर ‘चैताली मोबाईल व घड्याळ दुरुस्ती’ असं लिहिलंय. चैताली अजून चौथीत आहे. दुकान चालवते तिची आई, मोहिनी. वय पस्तिशीचं, अंगाने किरकोळ, बोलणं मोजकं. काउंटरमागे तिचा मायक्रोस्कोप आणि दुरुस्तीचं सगळं सामान, आणि दाराशी खुर्चीत काठी धरून बसलेली तिची सासू जाईबाई. गिऱ्हाईक आलं की जाईबाई आधी त्याची चौकशी करते, मग मोहिनी त्याच्या वस्तूची.

मोहिनी मूळची नांदूरघाटची. बाप मेंढरं राखायचा. पोरगी रेडिओ उघडून बसते हे बघून त्याने तिला केजला आयटीआयला घातलं. तिथून ती गेली पुण्याला, एका कंपनीत. त्या कंपनीत बंदुका होत नव्हत्या. बंदुकीवर बसवायची साइट व्हायची.

गावात तिला कुणी विचारलं, की पुण्यात काय करायचीस, तर ती “टेस्टिंग” एवढंच सांगायची. खरं काम असं होतं: साइट म्हणजे काडेपेटीएवढी वस्तू, तिला एक काचेची खिडकी. खिडकीतून बघितलं की मधोमध लाल ठिपका दिसतो. ठिपका ज्याच्यावर टेकवाल तिथे गोळी जाते. हा ठिपका बाहेर पडत नाही, कुणाच्या अंगावर उमटत नाही. जो बंदुकीमागे आहे त्यालाच तो दिसतो. समोरच्याला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही.

मोहिनी सात वर्षं टेस्ट रूममध्ये होती. फडताळांवर ओळीने साइट पेटवून ठेवलेल्या असायच्या, आणि कुठला ठिपका किती तासांनी विझला हे ती लिहून घ्यायची. काही थंडीच्या पेटीत, काही तापवलेल्या पेटीत. एकाच चपट्या सेलवर मंद ठेवलेला ठिपका वर्षानुवर्षं चालायचा आणि पूर्ण भडक ठेवलेला काही दिवसांतच मान टाकायचा. तिचे साहेब हरिबा म्हणून होते, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. ते म्हणायचे, “मोहिनी, ठिपका कुठल्या नंबरावर ठेवलाय ते बघ. माणूस काय करायला निघालाय ते त्यावरून कळतं.” तिला ते तेव्हा म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटायचं.

मग सासूचं खुब्याचं हाड मोडलं. नवरा सुग्रीव लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, महिन्यातून चार दिवस घरी. मोहिनी नोकरी सोडून परत आली आणि स्टँडसमोर दुकान टाकलं. याला आता सहा वर्षं होतील.

फेब्रुवारीत एका दुपारी सुरज दुकानात आला. हा गावातलाच, सव्वीस-सत्तावीसचा. पूर्वी उसाच्या ट्रॅक्टरवर होता. आता बंकटदादाच्या मागे असायचा. बंकटदादाचा गावाबाहेर खडीचा क्रशर आहे, आणि त्याच्याबद्दल गावात कुणी मोठ्याने बोलत नाही. सुरजने रुमालातून एक वस्तू काढून काउंटरवर ठेवली.

“ताई, कॅमेऱ्याचं हाय हे. बघा जरा. सेल टिकंना झालाय. आठ दिवसाला नवा घालावा लागतो.”

मोहिनीने वस्तू हातात घेतली. एवढ्या वर्षांनी हाताला तेच वजन.

“कॅमेऱ्याचं नाही हे,” ती म्हणाली.

सुरज हसला. “तुमाला ठावं हाय व्हय? मग बरंच झालं. दादाच्या रायफलीवरचं हाय. लायसनची रायफल हाय, भ्यायचं काम न्हाई.”

तिने बघितलं तर बटण अगदी वरच्या नंबरावर, दहावर. मोबाईलवर सुरजची रीळं तिनेही पाहिली होती: भर उन्हात जीपच्या टपावर बसलेला, रायफल आडवी धरलेली, मागे गाणं. उन्हात ठिपका दिसावा म्हणून तो सतत दहावर पेटलेला.

“दहावर ठेवलंत तर आठच दिवस जाणार,” ती म्हणाली. “खाली आणा. तीनवर, चारवर. आणि काम झालं की बंद करा.”

तिने सेलखालची पत्ती वाकून सैल झाली होती ती सरळ केली, गंज पुसला, नवा सेल घातला. सुरज खूश होऊन गेला. जाईबाईने विचारलं, “काय व्हतं गं?” मोहिनी म्हणाली, “खेळणं.” तेव्हा तिला खरोखरच तसं वाटलं होतं. मिरवायची बंदूक उन्हातच असते, आणि उन्हातल्या बंदुकीचं फारसं भय नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, सुरज परत आला. या वेळी तो हसत नव्हता. दाढी वाढलेली, पँटीला गुडघ्यापर्यंत कुसळं. जाईबाईने “काय रे, कुठं रानात गेलतास?” असं विचारलं, तोवर तो काउंटरशी पोहोचला होता.

“ताई, ठिपका लई भडक हाय.”

“दहावर असेल.”

“एकवर हाय. सगळ्यात खाली. तरीबी भडक. मंद करून द्या.”

मोहिनीने साइट उचलली. खरंच एकवर होती. “उन्हात तर एकवर दिसतसुद्धा नाही.”

“उनात कशाला? सांच्याला. दिवस बुडाला की ठिपका असा पसरतो की मागचं कायबी दिसत न्हाई.” त्याने काउंटरवर बोट टेकवून गोल फिरवलं. “आन् दुसरं. हे आपोआप बंद होतंय. चार-पाच मिनिटं हललं न्हाई की गुल. मग पुन्हा हलवावं लागतंय. ते बंद करून टाका.”

“सेल वाचावा म्हणून झोपतं ते. न हलवता कशाला ठेवता?”

“बसावं लागतंय.”

“किती वेळ?”

“तास. दीड तास.” मग त्याच्या लक्षात आलं असावं. “दादाच्या उसात रानडुकरं शिरत्यात. त्याच्यापायी.”

“बरं.”

“सोमवारच्या आत पायजे. रविवारी सांच्याला नेतो.”

तो गेल्यावर मोहिनी ती वस्तू हातात धरून बसून राहिली. रानडुक्कर वेळ बघून येत नाही. आणि डुकरासाठी सोमवार कसला?

मंगळवारी काय आहे हे मात्र सगळ्या गावाला माहीत होतं, कारण शहादेव नानानेच ते ज्याला त्याला सांगितलं होतं. शहादेव मेंढपाळ, साठीच्या पुढचा. गेल्या वर्षी मार्चमध्ये बंकटदादाच्या खाणीत सुरुंग अवेळी उडाला आणि परगावचे दोन मजूर जागच्या जागी गेले. ती दोन्ही प्रेतं मात्र सापडली हमरस्त्यावर, वाहनाने उडवल्यासारखी. शहादेवची मेंढरं त्या दिवसांत शेजारच्या रानात बसायला होती. जीपमधून काय नेलं आणि कुणी नेलं हे त्याने पाहिलं होतं आणि तसा जबाबही दिला होता. मंगळवारी अंबाजोगाईच्या कोर्टात त्याची साक्ष होती. दिवस बुडताना रोज ठरल्या वेळी तो मेंढरं घेऊन कॅनॉलच्या वाटेने परतायचा.

मोहिनीच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की ही साइट बिघडवून द्यावी. जुना सेल घालावा, एखादा जोड अर्धवट सोडावा. तासाभरात ठिपका विझेल. तिच्याइतकं ते कुणाला सोपं नव्हतं. पण ठिपका विझला म्हणून गोळी थांबते थोडीच? सुरज नुसत्या नळीवरून नेम धरेल. आणि चुकलाच, तर परत येईल तो याच दुकानात.

तिने साइट उघडली. बाहेरचा नंबर कानसीने घासून काढलेला होता. पण सेलच्या कप्प्याखाली, आतल्या पट्टीवर, तोच नंबर बारीक अक्षरांत असतो हे घासणाऱ्याला माहीत नव्हतं. मोहिनीने मायक्रोस्कोपला मोबाईल लावून त्याचा फोटो काढला आणि पुण्याला हरिबा साहेबांना पाठवला. खाली लिहिलं: सर, हे इथे आलंय, दिवस बुडाल्यावर वापरायला मंद करून मागतायत.

दहा मिनिटांत फोन आला. साहेबांचा आवाज म्हातारा झाला होता.

“हा बाजारात विकायचा माल नाही, मोहिनी. सरकारी पुरवठ्यातला आहे. तो लॉट वाटेत गायब झाला होता, त्याची केस आहे. तू कुणाजवळ बोललीस?”

“कुणाजवळच नाही.”

“बोलू नकोस. मी बीडला कुणापर्यंत तरी पोहोचवतो. तोवर वस्तू ठेवून घे. पार्ट यायचाय म्हणून सांग.”

शुक्रवारी सकाळी दुकान जाईबाईवर सोपवून मोहिनी कॅनॉलकडे गेली. शहादेव बाभळीखाली बसला होता, मेंढरं धसकटात चरत होती. ती शेजारी बसली आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

शहादेवने दातातली काडी काढून टाकली. मग म्हणाला, “चार दिस झाले, कुत्रं त्या टेकाडाकडं तोंड करून भुंकतंय.” त्याने हात केला. वाटेपासून शे-दीडशे पावलांवर एक बोडकं टेकाड, त्याच्या पोटाला वेड्या बाभळीची दाटी. “सांच्यालाच भुंकतंय. मी म्हणलं कोल्हं असंल.”

“नाना, वाट बदला. गाव सोडा चार दिवस.”

“कावून सोडू? मी कुणाचं काय घेतलंय?”

“नाना, तो तिथे दीड तास न हलता बसतो. मला त्याने स्वतः सांगितलंय.”

म्हाताऱ्याने टेकाडाकडे पाहिलं. भर उन्हात ते अगदी साधं दिसत होतं. “त्ये दोघं मजूर माज्याकडं पाणी प्यायला यायचे,” तो म्हणाला. “एकाला बी मी त्येचं नाव इचारलं न्हाई. साक्षीत वकिलानं इचारलं तर काय सांगू?” मग उठून त्याने धोतर झटकलं. “बरं. मेंढरं वाघरातच कोंडून ठिवतो. मी जातो एकीकडं. कुठं त्ये तुला बी सांगत न्हाई, पोरी. तुला ठावं नसलेलं बरं.”

शनिवारी दुपारी दोन वाजता सुरज दुकानात आला. एक दिवस आधी.

“झालं का?”

“पार्ट यायचाय. उद्या...”

“दादा म्हणले आजच आन. हितंच बसतो मी, तुमी करा.” त्याने स्टूल ओढलं आणि दारात, जाईबाईच्या शेजारी बसला. “करा की. मी बघतो.”

बीडहून फोन आलेला नव्हता. मोहिनीने साइट मायक्रोस्कोपखाली धरली. तिच्यासमोर दोनच गोष्टी होत्या, करणं किंवा नाही म्हणणं. आणि नाही म्हटलं तर आपल्याला कळलंय हे त्याला कळणार होतं. परीक्षेमुळे शनिवारीही शाळा पूर्ण वेळ होती, सुटायला अडीच तास होते. चैताली शाळेतून थेट दुकानातच यायची.

तिने केलं. वीज अडवणारा एक कणाएवढा रेझिस्टर वाढवला आणि ठिपका निम्म्याहून खाली आणला. पुढे पुष्कळ दिवस तिला याचंच नवल वाटत राहिलं, की तिचा हात जराही थरथरला नाही. सात वर्षांच्या सवयीने हाताने चोख काम केलं. जोड चकचकीत, गोल, कुठेही कसर नाही. फक्त झोपायची सोय तिने तशीच ठेवली.

“ते बंद होणं निघत नाही,” ती म्हणाली. “आतल्या चिपमध्येच असतं.”

“मग हलवावंच लागंल?”

“हो.”

सुरजने साइट घेतली. दुकानाच्या आतल्या सावलीत उभा राहून त्याने ती डोळ्यासमोर धरली आणि दारातून बाहेर बघायला लागला. स्टँडवर केजची गाडी लागली होती. त्याने हात हळूहळू फिरवला: टोपलं घेतलेली एक बाई, पेपर वाचणारा मास्तर, पाण्याच्या टाकीशी उभी असलेली पोरं. प्रत्येकावर तो क्षणभर थांबत होता. मग हात खाली आला आणि जाईबाईवर थांबला. म्हातारी खुर्चीत डुलक्या घेत होती.

“आता कसं,” तो हळूच म्हणाला, “माणूस सगळं दिसतंय. डोळं मिटल्यालं बी दिसतंय.”



त्याने साइट रुमालात गुंडाळली. दारातून बाहेर पडताना वळला. “ताई, चैतालीची शाळा साडेचारला सुटती न्हवं? एकटीच येती ती, त्या क्रशरच्या गाड्यांच्या रस्त्यानं. जपत जावा.”

बीडहून फोन आला तेव्हा पावणेसहा झाले होते. अधिकाऱ्याने नाव सांगितलं, हरिबांचा संदर्भ दिला आणि विचारलं, “वस्तू तुमच्याकडे आहे ना?”

“नेली.”

“चालू स्थितीत?”

“हो.”

मोहिनीने टेकाडाचं सांगितलं, वेड्या बाभळीचं सांगितलं, सोमवारचं सांगितलं. तिने सुरजचं नाव घेतलं, तेव्हा जाईबाईने डोळे उघडले आणि पुन्हा मिटले नाहीत.

रविवार कसा गेला ते मोहिनीला आठवत नाही. सोमवारी तिने चैतालीला शाळेत पाठवलं नाही. दिवस कलला तशी ती दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. कॅनॉल इथून दिसत नाही, पण बंदुकीचा आवाज आला असता. सव्वासहा झाले. साडेसहा. स्टँडवर माणसं चहा पीत होती, एक मोटारसायकल दोनदा आवाज करून बंद पडली, आणि दोन्ही वेळा मोहिनीने खांब धरला. सात वाजता अंधारून आलं. गोळीचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं. साध्या कपड्यांतले सहा जण भर उन्हातच टेकाडाच्या पलीकडच्या नाल्यात जाऊन बसले होते. सुरज साडेपाचला आला आणि बाभळीत शिरून रायफल गुडघ्यावर ठेवून बसला. साक्षीच्या आदल्या सांजेला तरी म्हातारा मेंढरांकडे येणारच, असा त्याचा हिशेब असावा. दर चार-पाच मिनिटांनी तो रायफल किंचित हलवत होता. नाल्यातल्या शिपायाला त्या हलण्यानेच तो नेमका कुठे आहे ते कळलं. त्यांनी मागून झडप घातली. त्याच्या खिशात दोन सेल जादा होते. नंतर रानात दडून राहायला तीन दिवस पुरेल एवढी भाकरी-चटणी पिशवीत होती.

मंगळवारी शहादेव कोर्टात उभा राहिला. कुठून आला कुणाला कळलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याला उलटसुलट विचारलं, पण तो एका शब्दाने हलला नाही. त्यानंतर तो मेंढरं घेऊन गोदावरीकडे निघून गेला. तो वडगावला परतलेला नाही.

बंकटदादा सोमवारी पुण्यात एका लग्नात होता, शंभर माणसांत. रायफल चोरीला गेली होती असं त्याचं म्हणणं पडलं. महिन्याच्या आत त्याला जामीन मिळाला.

मेच्या शेवटी मोहिनीला बीडला बोलावलं. अधिकारी चांगला होता, त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत ती साइट होती. “आमच्या माणसाने तपासली,” तो म्हणाला. “संध्याकाळच्या उजेडात अगदी बरोबर दिसतो ठिपका. काम चांगलं केलंय तुम्ही.” त्याच्या मनात तसं काही नसावं, पण मोहिनीचं तोंड कडू झालं. मग त्याने तिला समजावलं, की त्या नंबराचा फोटो हा मोठा पुरावा आहे. तो तिने काढला, म्हणून तिचं नाव साक्षीदारांत आहे. समोरचा वकील विचारेल: दुरुस्त तुम्हीच केलं ना? मंद तुम्हीच केलं ना? तिने खरं तेच सांगायचं. बाकी काही नाही. सुग्रीव त्या वेळी राजस्थानात गाडीवर होता. फोनवर तो एवढंच म्हणाला, “मी दुसरी नोकरी बघतो. गावातली.”

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन दुपारी, दुकानासमोर पांढरी जीप थांबली. बंकटदादा एकटाच उतरला. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का. जाईबाईला त्याने वाकून नमस्कार केला.

“काकू, पाय कसा हाय आता?” म्हणाला, आणि मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. “सेल गेलाय, वहिनी. नवा टाकून द्या.”

मोहिनीने घड्याळ उघडलं. तो काउंटरवर कोपर टेकून तिचे हात बघत होता.

“आमचा सुरज तुमची लई तारीफ करायचा. म्हणायचा, ताईच्या हातात जादू हाय.”

ती सेल बसवत राहिली.

“किती दिस चालंल हा?”

“दोन वर्षं.”

“दोन वर्षं,” तो सावकाश म्हणाला. “केस बी तेवढी चालंल. लई चालती आपल्याकडं.” त्याने घड्याळ हातात बांधलं, कानाशी नेऊन टिकटिक ऐकली. “तुमची तारीख कधी हाय?”

मोहिनीने पहिल्यांदा मान वर केली. “चौदा जुलैला.”

“चौदा.” त्याने मान हलवली. “ईष्टीनं जाणार? उन्हातानाचं कावून? सांगा, गाडी पाठवतो.” आणि निघून गेला. जीप स्टँडला एक फेरा घालून हळूहळू शाळेच्या रस्त्याला लागली.

मोहिनीने शटर अर्धं ओढलं आणि चपला घातल्या. शाळा सुटायला अजून तास होता.

“थांब,” जाईबाई म्हणाली. काठीवर भार देऊन ती उठत होती. “मी बी येते शाळंत. आन् चौदाला बी येते. साक्षीला म्हाताऱ्या माणसाला बसू देत्यात का न्हाई तिथं?”

“देतात.”

“मग झालं. चल.”

शटर पूर्ण ओढून दोघी उन्हातून रस्त्याच्या कडेने निघाल्या. जाईबाईच्या पायाने शाळेपर्यंत पोहोचायला तेवढाच वेळ लागणार होता. पुढे वळणावर जीप थांबलेली दिसत होती, इंजिन चालू.